परातीवर मोडणारा सुरा: चित्रीकरणासाठी केलेल्या तुटत्या सुऱ्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईत चित्रित झालेल्या एका मराठी वेब-मालिकेतील एकाच शॉटचे आहे. मालिका, निर्मिती-संस्था आणि कलाकार यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सुऱ्याची मापे, साहित्य आणि निर्णयांचा क्रम तेवढा ठेवला आहे. लिहिणारा त्या कामातील प्रॉप बनवणाऱ्या कार्यशाळेचा चालक आहे, त्यामुळे चुकांमधला आमचा वाटा येथे थोडा सौम्य उतरला असेल, हे वाचकाने धरून चालावे.

प्रसंग असा होता. चाळीतल्या खोलीत मोरीजवळ घरातली सून आणि तिच्यावर सुरा घेऊन धावून आलेला दीर समोरासमोर येतात. ती हाताला लागलेली पितळी परात ढालीसारखी तोंडासमोर धरते, सुरा परातीवर आदळतो, पाते मधोमध मोडते आणि टोकाकडचा तुकडा खाली पडतो. हातात उरलेल्या थोट्या सुऱ्याकडे दीर क्षणभर पाहत राहतो आणि तेवढ्यात ती वाकून पडलेला तुकडा उचलते. दिग्दर्शकांना हे सगळे एकाच शॉटमध्ये, मध्ये कट न घेता हवे होते. कॅमेरा बाजूला, मोरीच्या कठड्यापाशी राहणार होता, म्हणजे परात, सुरा आणि दोन्ही चेहरे एकाच चौकटीत येणार होते. दोन्ही चेहऱ्यांपासून पाते जिथे मोडणार ती जागा जेमतेम दीड-दोन फुटांवर होती.

काम आमच्याकडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात आले आणि चित्रीकरण अकरा दिवसांवर होते. आमच्या धंद्याला जुलै दोन कारणांनी वाईट. एक म्हणजे हवा. जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या गाळ्यात पावसाळ्यात भिंतीला टेकवलेला पुठ्ठासुद्धा दोन दिवसांत मऊ पडतो. दुसरे म्हणजे गणपती. साच्यांचे काम आम्ही ज्यांच्याकडून करून घेतो ते अण्णा मूळचे लालबागच्या मूर्तिशाळेतले, आणि चतुर्थीच्या आधीचे दोन महिने ते रात्री नऊनंतरच कोणाला सापडतात.

पडद्यावर दिसणारा एक सुरा प्रत्यक्षात तीन-चार सुऱ्यांचा मिळून बनतो, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. अगदी जवळून दाखवायचा तो धातूचा पण बोथट. धावपळीत, पडझडीत वापरायचा तो रबरी. टोचल्यासारखे दाखवायचे असेल तर पाते मुठीत सरकणारा. आणि मोडायचा असेल तर मोडणारा, ज्याला सेटवर ब्रेकअवे म्हणतात. सरकत्या पात्याच्या सुऱ्यावर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही, कारण पात्याच्या खाचेत रंगाचा एक कण किंवा नकली रक्ताचा वाळलेला थेंब अडकला की ते सरकायचे थांबते, आणि ते थांबल्याचे कळते तेव्हा टोक समोरच्याच्या अंगाला लागलेले असते. या शॉटमध्ये सुदैवाने त्याची गरज नव्हती.

अडचण

कला-दिग्दर्शिकांच्या मागणीपत्रात एवढेच होते: ‘मोडणारा सुरा, ८ इंची पाते, १० नग’. दहा नग हा आकडा पाच टेक आणि पाच तालमी अशा हिशेबाने आला होता. मागणी सरळ वाटत होती, आणि आमची पहिली चूक तिला सरळ समजण्यात झाली.

काच मोडते आणि पोलाद मोडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचेची बाटली फुटली की तिचे पंचवीस तुकडे होतात, आणि चित्रपटांत फुटणाऱ्या बाटल्यांसाठी गेली कित्येक दशके वापरले जाणारे साहित्य, म्हणजे साखरेची काच किंवा ठिसूळ रेझिन, नेमके तसेच वागते. पोलादी पाते मात्र मोडले तर साधारणपणे दोनच तुकडे होतात, आणि मोडलेली कड करड्या रंगाची, बारीक दाणेदार दिसते. मागणी सुऱ्याची होती आणि हाताशी तंत्र होते बाटलीचे. शिवाय खाली पडलेला तुकडा अभिनेत्रीने उघड्या हाताने उचलायचा होता, त्यामुळे तो नुसता मोडून भागणार नव्हते; मोडल्यानंतरही तो निरुपद्रवी राहणे आवश्यक होते.

तिसरी अडचण वेगाची होती. फाइट मास्टरांना दिराचा वार डोक्यावरून खाली असा पूर्ण ताकदीचा हवा होता. पाते परातीवर मोडलेच पाहिजे, पण हवेतून येताना, परातीला लागण्याआधी, मोडता कामा नये.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय साखरेचा. साखर, लिक्विड ग्लुकोज आणि पाणी एकत्र उकळून पाक साधारण १५० अंश सेल्सियसपर्यंत नेला आणि साच्यात ओतला की थंड झाल्यावर काचेसारखा कडक, ठिसूळ पदार्थ मिळतो. साहित्य क्रॉफर्ड मार्केटमधल्या केकच्या सामानाच्या दुकानांत मिळते, खर्च नगण्य, आणि तुकडा तोंडात गेला तरी बिघडत नाही. आम्ही दोन पाती ओतली. पाक क्षणभर जास्त तापला की तो तपकिरी पडतो, म्हणून चंदेरी भुकटी जरा जास्त घातली. संध्याकाळी सहा वाजता पाते कडक होते, साडेसातला हाताला चिकटू लागले, आणि रात्री अण्णा आले तेव्हा टेबलाच्या कडेवर ठेवलेले पाते स्वतःच्या वजनाने खाली वाकले होते. साखर हवेतले पाणी ओढून घेते आणि मुंबईचा जुलै तिला हवे तेवढे पाणी देतो. दुसरे पाते आम्ही रात्रभर झाकून ठेवले. सकाळी झाकणाच्या फटीपासून पात्याच्या टोकापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

“भाऊ, हा सुरा आहे की चिक्की?” एवढेच अण्णा म्हणाले.

आयसोमाल्ट नावाचा साखरेपासूनच केलेला पदार्थ दमट हवेत यापेक्षा बराच बरा टिकतो आणि त्याचा रंगही पिवळा पडत नाही. पण तोही काचेसारखाच फुटतो, त्यामुळे मूळ अडचण तशीच राहिली असती.

दुसरा पर्याय ठिसूळ पॉलियुरेथेन रेझिनचा. हे दोन भागांचे द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतायचे असते. त्यातल्या एका भागात आयसोसायनेट असते, जे श्वासातून जाणे धोक्याचे आहे. म्हणून योग्य फिल्टरचा मास्क लावूनच हे काम करावे लागते. हेच आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतलेल्या वस्तूत बुडबुडे राहतात. कोरड्या दिवसांत हे लक्षातही येत नाही. जुलैत मात्र ढवळायच्या लाकडी काडीतला ओलावासुद्धा पुरतो. कागदी कप आणि लाकडी काड्या बाजूला ठेवून प्लॅस्टिकचे कप व स्टीलचा चमचा वापरला, ओतण्याआधी चार तास एसी चालू ठेवला, डबे उघडून लगेच बंद केले, तेव्हा कुठे पाती नितळ निघाली.

ती पाती दिसायला फार सुंदर होती, आणि त्यामुळेच आम्ही जवळजवळ तिथेच थांबणार होतो. कला-दिग्दर्शिकांना फोटो पाठवला आणि त्यांची पसंतीही आली. तरीही चाचणी म्हणून आम्ही परात एका स्टँडवर बांधली, तिच्या मागे दीड फुटावर, चेहरा असेल त्या उंचीला, लाकडी चौकटीवर वर्तमानपत्राचा कागद ताणून लावला आणि दहा वार केले. चार वेळा कागदाला भोके पडली. प्रत्येक वेळी पात्याचे सहा-आठ तुकडे झाले, त्यांतले लहान तुकडे टोकदार होते, आणि कोणता कुठे उडेल याचा काही नेम नव्हता. ठिसूळ रेझिनचे तुकडे काचेइतके कापत नाहीत हे खरे, पण डोळ्याच्या बाबतीत त्याने फरक पडत नाही.

तिसरा पर्याय कोणताच सुरा न मोडण्याचा होता. दिराने हातात फक्त थोटा सुरा घेऊन वार करायचा, आणि मोडण्याआधीचे पाते नंतर संगणकावर जोडायचे. हा पर्याय सगळ्यांत सुरक्षित होता आणि आजही तो मला नाकारण्याजोगा वाटत नाही. दिग्दर्शकांनी तो दोन कारणांनी नाकारला. हातात पूर्ण सुरा नसेल तर कलाकाराच्या मनगटाला वजन लागत नाही आणि वार खोटा दिसतो, हे पहिले. आणि त्या भागाच्या व्हीएफएक्सचे पैसे आधीच दुसऱ्या दृश्यावर संपले होते, हे दुसरे. पहिले कारण त्यांनी बैठकीत सांगितले, दुसरे निर्मिती-व्यवस्थापकांनी नंतर चहाच्या टपरीवर.

चौथा पर्याय अण्णांच्या प्रश्नातून निघाला. मूर्तीचा हात वेगळा करून नंतर बसवतात, तसे पात्याचे का करू नये, असे त्यांनी विचारले. म्हणजे सगळे पाते ठिसूळ करण्याऐवजी दोन्ही अर्धी मऊ रबराची करायची आणि मोडण्याचे काम फक्त मधल्या जोडावर सोपवायचे. उडेल तो एकच तुकडा, आणि तोही रबराचा. हा निर्णय होईपर्यंत अकरांपैकी पाच दिवस गेले होते.

केलेले काम

मूळ सुरा म्हणून आम्ही मटणाच्या दुकानात वापरतात तसा जुना सुरा घेतला, त्याच्यावर मातीने जाडी वाढवून पाठीकडे पाते ५ मिलिमीटर केले आणि धारेची बाजू गोल ठेवली. अण्णांनी ती माती गुळगुळीत करताना सवयीने लॅटेक्सचे हातमोजे घातले होते. त्यावर आम्ही प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन ओतले, आणि दुसऱ्या दिवशी साचा उघडला तेव्हा सगळीकडे सिलिकॉन छान बसले होते, फक्त पात्याच्या एका बाजूला चार ठिकाणी ते मधासारखे ओले होते. त्या चार जागा म्हणजे अण्णांची बोटे. लॅटेक्समधली द्रव्ये आणि काही मातींमधले गंधक या जातीच्या सिलिकॉनला घट्ट होऊ देत नाहीत. वेळ नव्हता म्हणून दुसरा साचा टिन जातीच्या सिलिकॉनचा केला. ते स्वस्तही पडते आणि असल्या गोष्टींना कुरकुरत नाही. त्याचा साचा कालांतराने आक्रसतो, पण आम्हाला तो एकाच आठवड्यासाठी हवा होता.

साच्याच्या आतल्या बाजूला कोरड्या ब्रशने अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी लावून मगच युरेथेन रबर ओतले, त्यामुळे पात्याला वरून रंग न देता धातूची झळाळी आली. (ही भुकटी श्वासात जाऊ देऊ नये आणि ज्योतीजवळ तर मुळीच वापरू नये.) रबराच्या कडकपणाच्या शोर ए मापावर ६० च्या आसपासचे हे रबर हाताने सहज वाकते, म्हणून मुठीकडच्या अर्ध्यात प्लॅस्टिकच्या फाइलच्या कव्हरची पट्टी कापून आत घातली, म्हणजे वार करताना ते लुळे पडत नाही. टोकाकडच्या अर्ध्याचे वजन ८ ग्रॅम भरले. दोन्ही अर्ध्यांमधली कड सरळ न ठेवता किंचित नागमोडी कापली आणि मोडलेल्या पोलादासारखी करडी रंगवली.

आता प्रश्न जोडाचा राहिला. लहान लोहचुंबक बसवून पाहिले. ते हाताळायला सोपे, पण जोरात वार केला की पाते परातीपर्यंत पोचण्याआधीच टोक निसटून खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर जाई. टूथपिकने जोड पक्का झाला, पण लाकूड एका झटक्यात मोडत नाही, तंतूंवर लोंबकळत राहते. ठिसूळ रेझिनच्या पिना ओतायला निघालो असता आमच्या शिकाऊ मुलीने घरून न शिजवलेल्या स्पॅगेटीचे पाकीट आणले. कडक, ठिसूळ, जवळजवळ सारख्याच जाडीची आणि स्वस्त. स्पॅगेटीची लांब काडी दोन्ही टोकांना धरून वाकवली तर तिचे दोनऐवजी तीन-चार तुकडे होतात, आणि तसे का होते हे फ्रान्समधील दोन भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. दुसऱ्या वर्षी त्यांना त्यासाठी इग नोबेलही मिळाले. आमच्या काड्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या असल्याने त्या जोडावरच मोडत.

किती काड्या घालायच्या हे मात्र वार करूनच ठरवावे लागले. एक काडी घातली तर टोक हवेतच फिरे. तीन घातल्या तर हलका वार परातीवर बसूनही पाते नुसते वाकून परत सरळ होई, आणि हे सर्वांत वाईट, कारण पडद्यावर तो सुरा चपलेच्या तळव्यासारखा दिसतो. दोन काड्या, एक पाठीजवळ आणि एक धारेच्या बाजूला, साधारण अठरा मिलिमीटर अंतरावर बसवल्या तेव्हा पूर्ण ताकदीच्या वारात पाते हवेत टिकले आणि परातीवर मोडले. वर्तमानपत्राचा कागद पुन्हा लावला. वीस वारांत एकही भोक पडले नाही, टोक दोनदा कागदाला लागून खाली पडले. स्पॅगेटीसुद्धा दमट हवेत चिवट होते, म्हणून काड्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या.

यामुळे दहा नगांचा हिशेब बदलला. एकच सुरा पुन्हा जोडता येत होता. मोडलेल्या काडीचे बुंधे सुईने टोकरून काढायचे, नव्या काड्या घालायच्या, फटीवर चंदेरी भुकटी मिसळलेले व्हॅसलिन पुसायचे. एवढ्याला सेटवर चार मिनिटे लागत. आम्ही फक्त दोनच सुरे केले. पुढे जे झाले त्याचे मूळ या काटकसरीत आहे.

आणखी एक निर्णय येथे नोंदवायला हवा, कारण तो बरोबर ठरला. क्लोजअपसाठी केलेला अ‍ॅल्युमिनियमचा सुरा त्या दिवशी सेटवर आणायचाच नाही असे आम्ही ठरवले. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये २००८ च्या डिसेंबरमध्ये एका नटाने प्रयोगात आत्महत्येचा प्रसंग करताना स्वतःचा गळा खरोखर कापून घेतला, कारण बोथट सुरीच्या जागी धारदार सुरी हातात आली होती; तो वाचला. दोन सारखे दिसणारे सुरे एका टेबलावर असले की कधी ना कधी त्यांची अदलाबदल होते. क्लोजअप दुसऱ्या दिवसावर ढकलल्याने लायटिंगचा वेळ वाढला आणि कॅमेऱ्याचे लोक नाराज झाले, पण ते चालण्यासारखे होते. गाळ्यातून गोरेगावला सुरे नेताना निर्मिती-संस्थेचे पत्र आणि सुऱ्यांचे फोटो बरोबर ठेवले होते. शस्त्र नियमांमधली ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी ही मर्यादा आमच्या पात्याने ओलांडली नव्हती, तरी मेट्रोच्या तपासणी यंत्रापुढे रबर आणि पोलाद यांतला फरक समजावत बसण्यापेक्षा आम्ही रिक्षा केली.

चित्रीकरणाचा दिवस

शिफ्ट सकाळी नऊची होती आणि शॉट लागला दुपारी तीनला. प्रत्येक टेकच्या आधी मी सुरा दोन्ही कलाकारांसमोर वाकवून, टोक स्वतःच्या तळहातावर दाबून दाखवत होतो, आणि माझ्या हातातून तो थेट दिराच्या भूमिकेतल्या नटाकडे जात होता. स्पॉट दादा किंवा सेटिंगच्या मुलांनी मध्ये हात लावायचा नाही, असे ठरले होते. कॅमेरामन आणि त्यांच्या सहायकाने चष्मे लावले होते.

तालमी फाइट मास्टरांनी सकाळीच घेतल्या होत्या, पण त्या अखंड रबरी सुऱ्याने. मोडणारे सुरे दोनच, दर वेळी चार मिनिटे जोडणीची, म्हणून ते टेकसाठी राखून ठेवावेत असे मीच सुचवले होते. तालमीत अंतर चांगले बसले. सुरा परातीवर आदळे, रबर वाकून परातीला टेकून राही, आणि नटाची मूठ परातीच्या काठापासून वीतभर अलीकडे थांबे. “ताई, परात छातीपासून जरा लांब धरा, आणि डोळे मिटू नका, मोडणारच आहे तो,” असे मास्टर सांगत होते.

पहिल्या टेकला पाते मोडले, टोक कॅमेऱ्याच्या बाहेर पडले. दुसऱ्या टेकला नटाने सकाळपेक्षा जास्त जोर लावला, पाते मोडले, टोक अगदी हवे तिथे पडले, आणि त्याच क्षणी अभिनेत्रीने परात सोडून दिली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे परातीच्या काठावर होती, आणि दिराची मूठ त्या बोटांवर येऊन बसली होती.

काय झाले हे आम्हाला प्लेबॅक पाहूनच कळले. अखंड रबरी पाते परातीला टेकून हाताला थांबवत होते. थोडासाच, पण विरोध करत होते. मोडणारे पाते मोडते आणि विरोध त्याच क्षणी संपतो, हात मात्र त्याच वेगाने पुढे जातो. पाते किती सहज मोडावे यावर आम्ही सहा दिवस खर्च केले होते, आणि जितके ते सहज मोडले तितका तो हात पुढे येणार होता. सुरा बनवताना आम्ही तुकडा कुठे जाईल हे वीस वेळा तपासले. मूठ कुठे जाईल हे एकदाही तपासले नाही. स्टँडवर बांधलेल्या परातीला बोटे नव्हती.

परिणाम

बोटे सुजली. बर्फ लावून अभिनेत्रीला जवळच्या रुग्णालयात नेले, एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, पण दोन बोटे तीन दिवस पट्टीत राहिली. वेळापत्रकातली दोन दृश्ये पुढे ढकलावी लागली. नट अभिनेत्रीपेक्षाही जास्त हादरला होता, आणि तो चुकला नव्हता. त्याने तालमीत शिकवलेलेच केले होते. निर्मिती-संस्थेने खर्चाबद्दल आमच्याशी वाद घातला नाही, उलट दुसरा टेकच मालिकेत ठेवला. परात सोडून देणे आणि तोंडावरची ती वेदना दिग्दर्शकांना ‘फार खरी’ वाटली. या निर्णयावर माझे मत मी त्यांना तेव्हाच सांगितले होते, येथे पुन्हा सांगत नाही. टोक उचलण्याचा भाग चार दिवसांनी वेगळा घेतला, म्हणजे ज्या अखंड शॉटसाठी व्हीएफएक्सचा पर्याय बाजूला ठेवला होता, तो अखेर अखंड राहिलाच नाही. पाते मोडल्याचा पोलादी आवाज नंतर ध्वनिमुद्रणात घातला. स्पॅगेटीचा आवाज परातीच्या ठणक्यात ऐकूही येत नव्हता.

डोळ्याला किंवा चेहऱ्याला कोणाला काहीही लागले नाही. ठिसूळ रेझिनचे सुंदर सुरे वापरले असते तर काय झाले असते, याचे उत्तर त्या वर्तमानपत्राच्या कागदावर आहे, आणि तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

वेगळे काय करता आले असते

निर्णयाचे चार टप्पे मागे वळून पाहिले तर त्यांपैकी दोन बरोबर होते: ठिसूळ पाते दिसायला पसंत पडूनही त्याची चाचणी घेणे, आणि धातूचा सुरा त्या दिवशी सेटवर न आणणे. तिसऱ्याबद्दल, म्हणजे व्हीएफएक्स नाकारण्याबद्दल, मी अजून द्विधा आहे. तो निर्णय आमचा नव्हता, पण ‘सर्वांत सुरक्षित हाच आहे’ हे वाक्य मी बैठकीत एकदाच म्हटले आणि मग मऊ आवाजात पुढचा पर्याय सांगू लागलो. धंदा जाईल ही भीती त्या आवाजात होती.

चौथा निर्णय, तालीम अखंड सुऱ्याने घेण्याचा, सरळ चुकीचा होता. काड्यांचे पाकीट शंभर-दोनशे रुपयांचे होते. तालमीच्या बारा वारांना बारा वेळा चार मिनिटे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे लागली असती. आम्ही ती वाचवली आणि तीन दिवस घालवले. आणखी दोन सुरे केले असते तर जोडणीचा वेळही निम्मा झाला असता. आता आमच्याकडून मोडणारी कोणतीही वस्तू जाते तेव्हा तालमीसाठी त्याच बनावटीचे नग बरोबर जातात. फाइट मास्टरांनी वाराचे अंतर वीतभर वाढवायचे की हात मध्येच रोखायला शिकवायचे, हे त्यांनी तो नग मोडून पाहूनच ठरवावे, असे आम्ही मागणीपत्रावर लिहून घेतो.

परातीचेही वेगळे काही करता आले असते का, हे नंतर तपासून पाहिले. फायबरची हलकी परात करून तिला पितळी रंग दिला, पण ती वाराबरोबर मागे जाते, आणि दोन काड्यांचा जोड तिच्यावर मोडत नाही. काडी एक केली तर टोक हवेत फिरते, म्हणजे आम्ही पुन्हा पहिल्या अडचणीशी येतो. शेवटी खऱ्याच पितळी परातीच्या मागच्या बाजूला दोन कड्या रिव्हेट करून घेतल्या, आत फोमची गादी लावली. कड्या मागून धरल्या की बोटे काठावर येत नाहीत आणि समोरून काही दिसत नाही. त्या परातीवर पूर्ण ताकदीचे वार करून झाले, मूठ काठावर आली तरी खाली बोट सापडत नाही.

ती परात आता गाळ्यातल्या फळीवर आहे. त्यानंतर दोनदा ती भाड्याने गेली, दोन्ही वेळा हळदीच्या दृश्यासाठी, आणि दोन्ही वेळा प्रॉपर्टीच्या माणसाने मागच्या कड्या कापून मागितल्या. आम्ही परात बदलून दिली.